किती दिवस पुरे?

मुंबई-पुण्याकडच्या माणसाला थीम पार्क म्हटलं की एक दिवसाची सहलच आठवते. 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका आलं. दोन्हीकडे जायचं ते सकाळी निघून रात्री घरी येण्याच्या हिशेबाने. सिंगापूरचं युनिव्हर्सल किंवा हाँगकाँगचं डिस्नेलँडही सहल कंपन्या एका दिवसात उरकतात आणि त्यात फारसं काही बिघडत नाही. ‘किती दिवस ठेवायचे?’ हा प्रश्न खरा छळतो तो अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडोला. न्यू जर्सीत स्थिरावलेला मुलगा पुण्याहून आलेल्या आईबाबांना आणि दोन पोरांना घेऊन तिकडे जायचं ठरवतो. मग घरात दोन पक्ष पडतात. “तीन दिवस खूप झाले,” असं सून म्हणते, कारण रजा तिची जाणार असते. “एवढं लांब जायचं आणि तीनच दिवस?” असं आजोबा म्हणतात, कारण विमानाचं तिकीट किती पडलं हे त्यांच्या डोक्यातून गेलेलं नसतं.

दोघांचंही म्हणणं चूक नाही. पण हा प्रश्न आपोआप पडलेला नाही, तो पाडलेला आहे. कसा, ते समजलं की उत्तर शोधणं सोपं जातं.

वॉल्ट डिस्नेने 1955 साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्याच्याकडे जागा होती सुमारे 160 एकर. पार्क धो धो चाललं आणि बघता बघता कुंपणाला लागून दुसऱ्यांची मोटेलं, खाणावळी, दुकानं उभी राहिली. पाहुणा डिस्नेचा, पण त्याच्या रात्रीचा पैसा शेजाऱ्याच्या गल्ल्यात. ही खंत वॉल्टच्या मनात राहिली. फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून, खरा खरेदीदार कोण याचा पत्ता लागू न देता, 27 हजार एकरांहून अधिक जमीन जमवली. आपलं नाव फुटलं असतं तर भाव रातोरात चढले असते. नोव्हेंबर 1965 मध्ये बेत जाहीर झाला, वर्षभराने वॉल्ट गेला, आणि 1 ऑक्टोबर 1971 रोजी ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ उघडलं तेव्हा तिथे मॅजिक किंगडम हे एकच थीम पार्क होतं. सोबत आवारातच दोन हॉटेलं मात्र पहिल्या दिवसापासून होती. पाहुण्याने मुक्काम करावा हा विचार पायातच घातलेला होता.

पुढचा इतिहास मुक्काम लांबवण्याचा आहे. 1982 साली एपकॉट, 1989 साली आज ज्याला हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, 1998 साली अ‍ॅनिमल किंगडम. प्रत्येक नवं पार्क म्हणजे पाहुण्याच्या हॉटेलातली आणखी एक रात्र. हा डाव दुसऱ्यांनाही कळत होताच. 1990 साली युनिव्हर्सल स्टुडिओज ऑर्लँडोत आलं, 1999 साली त्याच्याच शेजारी आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर. 2010 साली तिथे हॅरी पॉटरचं गाव वसलं आणि त्या एका गावाने कित्येक कुटुंबांचा डिस्नेतला एक दिवस ओढून नेला. मे 2025 मध्ये एपिक युनिव्हर्स उघडलं. वॉटर पार्क, सी-वर्ल्ड, लेगोलँड आणि तासाभराच्या अंतरावरचं केनेडी अंतराळ केंद्र हे सगळं धरलं तर पंधरा दिवसही अपुरे पडतील. म्हणजे ‘सगळं बघून यायचं’ हे माप इथे लागूच पडत नाही. जागा तुमच्या रजेपेक्षा मोठी राहावी, अशीच ती बांधलेली आहे.

आता तिकीट. सुरुवातीच्या काळात डिस्नेत आत शिरायला वेगळे पैसे आणि प्रत्येक राइडला वेगळं कूपन असायचं. साध्यासुध्या खेळाला ‘ए’, सर्वांत भारी राइडला ‘ई’. शिकागो परंपरेतल्या वॉल्टर ओई या अर्थतज्ज्ञाने 1971 साली या दुहेरी आकारणीवर एक गाजलेला निबंध लिहिला. प्रवेशाचे किती घ्यावे आणि राइडचे किती, म्हणजे पाहुण्याच्या मनातली सगळी किंमत वसूल होईल, असा त्याचा प्रश्न होता. पुढे कूपनं गेली, 1982 साली फ्लोरिडातून ती हद्दपार झाली आणि एकदा पैसे भरून हव्या तेवढ्या राइड्स घ्यायची पद्धत आली. पण ओईचा प्रश्न मेला नाही. राइडवरून तो दिवसांवर सरकला.

डिस्नेचं तिकीट आज एक दिवसापासून दहा दिवसांपर्यंत मिळतं, आणि त्याची किंमत सरळ रेषेत चढत नाही. पहिले तीन-चार दिवस महाग. गर्दीच्या तारखेला मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट 200 डॉलरच्या आसपास पोचतं. पाचव्या दिवसापासून मात्र एकेक दिवस वाढवायला त्या मानाने किरकोळ पैसे पडतात. अमर्याद थाळीतल्या चौथ्या पुरीसारखं आहे हे: वाढणाऱ्याला ती जवळजवळ फुकट पडते, आणि तुम्ही ती खात बसलात तर शेजारच्या हॉटेलात जात नाही. पाचवा दिवस स्वस्त आहे तो तुम्ही त्या दिवशी युनिव्हर्सलला जाऊ नये म्हणून.

यात फसवणूक नाही, चोख व्यापार आहे. पण घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला माणूस इथे हमखास घसरतो. चार दिवसांचे एकूण इतके, सहा दिवसांचे एकूण थोडेच जास्त, म्हणजे ‘दिवसाला’ किती कमी पडले, असा तो हिशेब करतो. भागाकार बरोबर असतो, पण भागायची रक्कम चुकलेली असते. वाढीव दिवसाची खरी किंमत तिकिटात नसतेच. ती हॉटेलच्या जास्तीच्या रात्रीत असते, सहा माणसांच्या तीन वेळच्या खाण्यात असते, भाड्याच्या गाडीत आणि पार्किंगमध्ये असते. आणि सर्वांत जड असते ती रजा. अमेरिकेत पगारी रजा द्यायलाच हवी असा केंद्रीय कायदा नाही. मालक देईल तेवढी. खासगी नोकरीत सुरुवातीच्या वर्षांत दोन आठवडे मिळाले तरी पुष्कळ. त्याच रजेतून भारतवारी व्हायची असते, मुलांची आजारपणं निघायची असतात. सहावा दिवस स्वस्त मिळाला म्हणून घेणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या गणपतीतला एक दिवस आजच मोडणं.

एकदा जास्त दिवसांचं तिकीट हातात आलं की आपलाच स्वभाव आड येतो. हॅल अर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काही जणांना पूर्ण किमतीला, म्हणजे 15 डॉलरला विकली, काहींना दोन डॉलर आणि काहींना सात डॉलर सवलत दिली. कोणाला काय मिळालं ते निव्वळ योगायोगावर. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकं पाहिली. गेलेला पैसा कशानेच परत येणार नसतो, पण त्याने आपल्याला पुढे ढकलणं सुटत नाही. आपल्याकडे या वृत्तीला ‘पैसे वसूल’ असं प्रेमाचं नाव आहे. ऑर्लँडोत तिचं रूप असं दिसतं: पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता, तेहेतीस अंशांच्या दमट उन्हात, रडणाऱ्या पोराला कडेवर घेतलेला बाप म्हणत असतो, “तिकीट आहे ना आपल्याकडे, मग?”

किती दिवस लागतील हे ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे तारीख. पार्कांची संख्या त्यानंतर येते. मॅजिक किंगडमला 2023 साली अंदाजे 1 कोटी 77 लाख लोक आले, म्हणजे सरासरीने रोज 48 हजारांच्या घरात. पण सरासरी दिवस नावाचा दिवस कधी उगवत नाही. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. ऑगस्ट संपता संपता फ्लोरिडातल्या शाळा सुरू झालेल्या असतात, आणि सप्टेंबरमध्ये रांगा एकदम आटतात. मग जे पार्क नाताळात दीड दिवस खातं तेच सप्टेंबरात दुपारी चारला संपतं. अर्थात सप्टेंबर हा वादळांचाही ऐन हंगाम. 2017 साली इर्माने आणि 2024 च्या ऑक्टोबरात मिल्टनने सगळी पार्क बंद पाडली होती.

मराठी घरांसाठी नोव्हेंबरची एक खुबी सांगायलाच हवी. न्यू जर्सीत एडिसन आणि आजूबाजूला मराठी वस्ती भरपूर. तिथल्या शिक्षक संघटनेचं वार्षिक अधिवेशन नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतं आणि गुरुवार-शुक्रवार शाळांना सुट्टी मिळते. चार दिवस सलग हाती आले की अर्धी जर्सी ऑर्लँडोच्या विमानात बसते. तिकडच्या जाणकारांत त्या आठवड्याला ‘जर्सी वीक’ असंच म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत भारतातून आलेले आजीआजोबा नेमके याच गर्दीत सापडतात.

याच दिवसांत आणखी एक खोच आहे. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेर हॅलोविनच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरात नाताळच्या पार्ट्या मॅजिक किंगडममध्ये ठरावीक रात्री असतात. त्यांचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकीटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात, म्हणजे रात्रीची आतषबाजी हुकते. पण यामुळेच पुष्कळ लोक तो दिवस टाळतात आणि दिवसा रांगा लहान राहतात. आतषबाजी दुसऱ्या दिवशी बघायचं ठरवलेल्यांना हा दिवस वरदान आहे. ज्यांनी मॅजिक किंगडमला एकच दिवस दिलाय आणि तो नेमका हा निघाला, त्यांची नात मात्र वर्षभर ऐकवत राहील. तारखांचं पत्रक आधी उघडावं आणि मग दिवस मोजावेत.

मग येतं शरीर. या बाबतीत कुटुंबाची सरासरी काढून चालत नाही, सगळ्यात हळू चालणाऱ्याला धरून मोजावं लागतं. पार्कात दिवसभरात दहा किलोमीटर चालणं सहज होतं, आणि मॅजिक किंगडमला तर गाडी लावल्यावर बोट किंवा मोनोरेल घेऊन मग दरवाजा येतो. उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस जवळजवळ रोजचा, आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. साठी-पासष्टीच्या माणसाला सलग दोन दिवस हे जमतं. तिसऱ्या दिवशी गुडघे बोलतात, आणि आपल्याकडची वडीलधारी माणसं गुडघे बोलतायत हे बोलत नाहीत. “तुम्ही जा रे, मी इथे बाकावर बसते,” हे वाक्य आजीने दिवसात दोनदा म्हटलं की समजावं.

लहान मुलांचं गणित वेगळं. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, तीन ते नऊ मुलाचं, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं. पण वयापेक्षा उंची महत्त्वाची. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला 38 इंच लागतात, स्पेस माउंटनला 44, ट्रॉनला 48. निघण्यापूर्वी पोरांना भिंतीला उभं करून मोजा. चाळीस इंचांहून कमी उंचीचं पोर असेल तर हॉलिवूड स्टुडिओज आणि एपकॉटमधल्या बऱ्याच राइड्स आपोआप गळतात आणि आराखड्यातला एखादा दिवस तिथेच वाचतो. मोठ्यांना आळीपाळीने बसता यावं म्हणून एकाने मूल सांभाळायचं आणि मग पुन्हा रांग न लावता दुसऱ्याने जायचं अशी सोय आहे, पण ती वेळ वाचवत नाही, फक्त भांडण वाचवते.

थेट भारतातून जाणाऱ्यांना जेट लॅगही मोजायला हवा. ऑर्लँडोचं घड्याळ आपल्यामागे ऋतूप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तास. पहिले काही दिवस घरातली सगळी मंडळी पहाटे तीनला टक्क जागी असतात आणि संध्याकाळी पाचला डोळे मिटतात. याचा उलटा फायदा घेता येतो. पार्क उघडण्यापूर्वी दारात हजर राहणं, ज्याला तिथे ‘रोप ड्रॉप’ म्हणतात, हे अमेरिकन कुटुंबांना जिवावर येतं; आपल्याला नैसर्गिक. सकाळचे पहिले दोन तास दुपारच्या चार तासांच्या तोडीचे असतात. पण मग दुपारी दोनला हॉटेलवर परतायची तयारी हवी. ‘पैसे वसूल’वाला माणूस नेमकं हेच करत नाही.

सुट्टीच्या लांबीवर संशोधन झालेलं आहे, आणि ते गमतीचं आहे. नेदरलँड्समधल्या जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी 23 दिवसांच्या सुट्टीवर गेलेल्या 54 नोकरदारांची सुट्टीभर विचारपूस केली. बरं वाटण्याचा आलेख आठव्या दिवशी शिखरावर होता, आणि कामावर परतल्यावर आठवडाभरात सगळं पूर्वपदावर. तेव्हापासून ‘आदर्श सुट्टी आठ दिवसांची’ हे वाक्य मासिकांतून फिरतंय. मला ते पटत नाही. ती माणसं युरोपियन ढंगाची निवांत सुट्टी घेत होती. रोज सकाळी सातला स्ट्रोलर ढकलत निघणाऱ्यांचा आठवा दिवस कसा असतो हे त्या आलेखातून कळणार नाही. त्याच देशातला 2010 सालचा येरून नावैन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास अधिक उपयोगी आहे. दीड हजारांहून अधिक लोकांत त्यांना असं दिसलं की सुट्टीवर जाणारे जाण्यापूर्वीच इतरांपेक्षा खुशीत असतात. परतल्यावर मात्र फरक उरत नाही, अपवाद फक्त ज्यांनी सुट्टी ‘अगदी आरामाची’ गेली असं सांगितलं त्यांचा.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी तर लांबीवरच घाव घातला. 1993 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना एक हात चौदा अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तसंच मिनिटभर, आणि वर आणखी तीस सेकंद, ज्यात पाणी हळूहळू अंशभराने कमी गार केलं. यातलं कोणतं पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचं निवडलं. एकूण त्रास जास्त, पण शेवट बरा. आठवणीत लांबी जवळजवळ मोजलीच जात नाही. उरतो तो सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट. हे थीम पार्कला लावलं तर शेवटचा दिवस सर्वांत मोठ्या पार्काला देणं हा वेडेपणा ठरतो, कारण तेव्हा सगळे थकलेले असतात आणि संध्याकाळच्या विमानाची धाकधूक असते. भारी पार्क दुसऱ्या दिवशी, शेवटचा दिवस हलका.

या सगळ्यातून माझा कौल असा. न्यू जर्सीहून किंवा भारतातून पहिल्यांदा जाणाऱ्या, दहा वर्षांखालची मुलं आणि आजीआजोबा बरोबर असणाऱ्या कुटुंबाने ऑर्लँडोत सहा रात्री राहावं आणि पार्कात चारच दिवस जावं. ‘चार पार्क म्हणून चार दिवस’ हे सूत्र फेकून द्या. लहान मुलं असतील तर मॅजिक किंगडमला दोन दिवस, मध्ये अंतर ठेवून. अ‍ॅनिमल किंगडमला एक, तेही सकाळी सफारीपासून सुरुवात करून. दुपारी तीन-चारपर्यंत ते पुरेसं होतं. चौथा दिवस आजीआजोबांच्या मनाप्रमाणे, आणि तो बहुधा एपकॉटचा निघतो. तिथे अकरा देशांच्या दालनांतून सावकाश फिरता येतं, बसायला जागा असते आणि शाकाहारी माणसाला काहीतरी मिळतंच. मुलं बारा-चौदाची असतील तर आराखडा पालटतो: डिस्नेला दोन, युनिव्हर्सलला दोन. तिथली जुनी दोन पार्क शेजारी शेजारी आहेत आणि हॅरी पॉटरची आगगाडी एकातून दुसऱ्यात नेते, मात्र तिच्यासाठी दोन्ही पार्कांचं तिकीट लागतं, हे आधीच पाहून ठेवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पार्क-दिवसाच्या मध्ये एक अख्खा दिवस रिकामा ठेवा. त्या दिवशी कुठलंही तिकीट नको, केनेडी केंद्रही नको. पोरं हॉटेलच्या तलावात डुंबतील, आजोबा झोपतील, सून कुणाची तरी वाट न बघता चहा पिईल. डिस्नेचं चार दिवसांचं तिकीट सात दिवसांच्या आत वापरायचं असतं, त्यामुळे असा दिवस काढल्याने काही बुडत नाही. आराखड्यात काटछाट करावी लागली तर पार्काचा दिवस कापा, हा कापू नका.

आणि तिकीट घेताना मनातल्या आकड्यापेक्षा एक दिवस कमीचं घ्या. मुदत संपण्यापूर्वी फरकाची रक्कम भरून दिवस वाढवून मिळतो. न वापरलेल्या दिवसाचे पैसे मात्र परत मिळत नाहीत.